आभासी यंत्रातील डिस्प्ले स्केलिंग

आभासी यंत्रातील डिस्प्ले स्केलिंग म्हणजे एका संगणकात दुसरी संगणकप्रणाली चालविताना तिच्या पडद्यावरील अक्षरे, चिन्हे व खिडक्या योग्य आकारात आणि स्पष्ट दिसाव्यात यासाठी केली जाणारी मापजुळणी होय. प्रत्यक्ष यंत्रावर चालणाऱ्या प्रणालीस यजमान प्रणाली व तिच्या आत चालणाऱ्या प्रणालीस अतिथी प्रणाली म्हणतात. अतिथी प्रणालीला खरा पडदा दिसत नाही. आभासीकरण करणारा प्रोग्रॅम तिला जो काल्पनिक पडदा दाखवितो, त्यावरच ती चित्र काढते. यजमान, आभासीकरण प्रोग्रॅम व अतिथी या तिघांनी पडद्याच्या मापाविषयी निरनिराळी समजूत करून घेतली, की अक्षरे अतिशय बारीक, अवाजवी मोठी किंवा अंधूक दिसू लागतात. सन २०१२ नंतर दाट पिक्सेलांचे पडदे सामान्य वापरात आले, तेव्हापासून ही अडचण वारंवार उद्भवू लागली.

पार्श्वभूमी

पडद्यावरील चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनते. आडव्या व उभ्या पिक्सेलांच्या संख्येला रेझोल्युशन म्हणतात, तर एका इंचात किती पिक्सेल बसतात त्यास पिक्सेल-घनता म्हणतात. या दोन गोष्टी भिन्न आहेत आणि त्यांची गल्लत हेच स्केलिंगविषयीच्या बऱ्याचशा गोंधळाचे मूळ आहे. १९२० × १०८० रेझोल्युशन असलेल्या २४ इंची पडद्याची घनता इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असते. तेच रेझोल्युशन १४ इंची लॅपटॉपवर असेल तर घनता सुमारे १५७ होते. ३८४० × २१६० रेझोल्युशनच्या १५.६ इंची पडद्यावर ती सुमारे २८२ पर्यंत पोहोचते.

याचा परिणाम अक्षरांच्या आकारावर थेट होतो. १६ पिक्सेल उंचीचे अक्षर पहिल्या पडद्यावर सुमारे ४.४ मिलिमीटर उंच दिसते; तेच अक्षर २८२ घनतेच्या पडद्यावर जेमतेम १.४ मिलिमीटर उरते. म्हणून अशा पडद्यावर प्रणाली प्रत्येक घटक काही पटींनी मोठा काढते. या पटीस स्केल गुणक म्हणतात आणि तो १२५, १५०, २०० अशा टक्केवारीत सांगितला जातो.

इतिहास

एका यंत्रावर अनेक प्रणाली चालविण्याची कल्पना जुनी असून आयबीएम या कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. त्या काळातील वापर अक्षरी टर्मिनलांवरून होत असल्याने पडद्याच्या मापाचा प्रश्न आजच्या अर्थाने नव्हता. वैयक्तिक संगणकांवर व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ मध्ये, मॅकसाठीचे पॅरलल्स डेस्कटॉप २००६ मध्ये व व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये उपलब्ध झाले. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम ही सोय २००७ साली समाविष्ट झाली. मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही सर्व्हर प्रणालीत २००८ पासून व विंडोज ८ च्या व्यावसायिक आवृत्त्यांत २०१२ पासून मिळू लागले.

स्केलिंगचा इतिहास याला समांतर आहे. विंडोज प्रणाली दीर्घकाळ इंचाला ९६ ठिपके हे माप गृहीत धरून चालत असे. २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये जुन्या प्रोग्रॅमांचे चित्र ताणून मोठे करण्याची सोय आली. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये प्रत्येक पडद्याला स्वतंत्र गुणक देता येऊ लागला. ॲपलने जून २०१२ मध्ये २८८० × १८०० रेझोल्युशनचा रेटिना पडदा असलेला मॅकबुक प्रो बाजारात आणला. त्यानंतर दाट पडद्यांचे लॅपटॉप सर्वत्र दिसू लागले, आणि ९६ ठिपक्यांचे गृहीतक मनात धरून लिहिलेल्या अतिथी प्रणाली या नव्या पडद्यांवर उघड्या पडल्या.

कार्यपद्धती

अतिथी प्रणालीचे चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी तीन टप्प्यांतून जाते व प्रत्येक टप्प्यावर मापात बदल होऊ शकतो.

१. अतिथी प्रणाली आपल्या आभासी पडद्याचे रेझोल्युशन ठरविते आणि स्वतःच्या गुणकानुसार अक्षरे व खिडक्या काढते.
२. आभासीकरण प्रोग्रॅम हे तयार चित्र आपल्या खिडकीत जसेच्या तसे दाखवितो किंवा ताणून मोठे करतो.
३. यजमान प्रणाली त्या खिडकीस आपला गुणक लावते.

पहिल्या टप्प्यावरील वाढ आणि नंतरच्या दोन टप्प्यांवरील वाढ यांत मूलभूत फरक आहे. अतिथी प्रणाली अक्षर मोठे काढते तेव्हा ती फॉण्टमधील रेषा नव्याने रेखाटते. त्यामुळे अक्षर मोठे होऊनही रेखीव राहते. पुढील टप्प्यांवर हाती केवळ ठिपक्यांचे चित्र उरलेले असते. ते मोठे करणे म्हणजे छापील छायाचित्र भिंगाखाली धरण्यासारखे आहे: आकार वाढतो, तपशील वाढत नाही. म्हणूनच वाढ शक्यतो पहिल्या टप्प्यावर करावी आणि पुढील दोन्ही टप्प्यांवर एका पिक्सेलास एक पिक्सेल हे प्रमाण राखावे, हा स्केलिंगचा सर्वमान्य नियम आहे.

अतिथी प्रणालीस खिडकीचे खरे माप कळावे यासाठी तिच्यात काही साहाय्यक प्रोग्रॅम बसवावे लागतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यांना गेस्ट ॲडिशन्स, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमवेअर टूल्स व पॅरलल्समध्ये पॅरलल्स टूल्स म्हणतात. ते नसतील तर अतिथी प्रणाली ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ अशा मोजक्या ठरीव रेझोल्युशनांवर अडून राहते.

लक्षणे व कारणे

- अक्षरे अतिशय बारीक दिसणे: अतिथी प्रणालीस दाट पडद्याचे सर्व पिक्सेल मिळाले आहेत, मात्र तिचा स्वतःचा गुणक १०० टक्केच राहिला आहे.
- अक्षरे अंधूक दिसणे: चित्र दुसऱ्या वा तिसऱ्या टप्प्यावर ताणले जात आहे. यजमान विंडोजचा गुणक १५० टक्के असून आभासीकरण प्रोग्रॅमला त्याची जाण नसेल, तर १९२० × १०८० चे चित्र २८८० × १६२० पिक्सेलांवर पसरविले जाते.
- सर्व काही अवाजवी मोठे दिसणे: दुहेरी स्केलिंग झाले आहे. अतिथी प्रणालीत २०० टक्के व आभासीकरण प्रोग्रॅममध्येही २०० टक्के ठेवल्यास एकूण वाढ ४०० टक्के होते. १६ पिक्सेलांचे अक्षर ६४ पिक्सेलांचे होते.
- खिडकीच्या मध्यभागी लहान चित्र व भोवती काळी चौकट दिसणे: साहाय्यक प्रोग्रॅम बसविलेले नाहीत किंवा बंद पडले आहेत.
- हवे ते रेझोल्युशन यादीत नसणे: आभासी चित्रस्मृती अपुरी आहे किंवा आभासी ग्राफिक्स कंट्रोलर चुकीचा निवडला आहे.
- प्रणाली स्थापन करताना खालची बटणे पडद्याबाहेर जाणे: स्थापनेच्या वेळी साहाय्यक प्रोग्रॅम नसल्याने पडदा लहान असतो. जीनोम वातावरणात आल्ट व एफ७ या कळा एकत्र दाबून खिडकी वर सरकविता येते व दडलेली बटणे गाठता येतात.

चित्रस्मृतीचे गणित सोपे आहे. प्रत्येक पिक्सेलास साधारणतः ४ बाइट लागतात. १९२० × १०८० च्या एका चित्रास सुमारे ८ मेगाबाइट, तर ३८४० × २१६० च्या चित्रास सुमारे ३२ मेगाबाइट जागा लागते. आभासी यंत्रास १६ मेगाबाइट चित्रस्मृती दिली असेल, तर ३८४० × २१६० हे रेझोल्युशन तिच्यात मावणारच नाही; मग अतिथी प्रणालीतील कोणतीही सेटिंग बदलून उपयोग होत नाही.

निदान

उपाय योजण्यापूर्वी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरविणे आवश्यक असते. अन्यथा एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी झाकली जाते आणि पडदा बदलताच पुन्हा वर येते. यासाठी पुढील क्रम उपयोगी पडतो.

प्रथम अतिथी प्रणालीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तिचे रेझोल्युशन पाहावे. आभासी यंत्र पूर्ण पडद्यावर चालवून हा आकडा यजमान पडद्याच्या मूळ रेझोल्युशनाशी ताडून पाहावा. दोन्ही आकडे सारखे असतील तर चित्र ताणले जात नाही. अतिथीचा आकडा लहान असून चित्र संपूर्ण पडदा व्यापत असेल तर ते ताणले जात आहे.

दुसरी कसोटी स्क्रीनशॉटची आहे. अतिथी प्रणालीच्या आतून घेतलेला स्क्रीनशॉट यजमान प्रणालीत नेऊन मूळ मापात पाहावा. तो रेखीव असेल व आभासी यंत्राची खिडकी मात्र अंधूक दिसत असेल, तर दोष अतिथीबाहेर आहे. स्क्रीनशॉटही अंधूक असेल तर अतिथीच्या आतील एखादा प्रोग्रॅमच ताणला जात आहे.

तिसरी कसोटी अधिक नाजूक आहे. एकेका पिक्सेलाच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचे बुद्धिबळपटासारखे चित्र अतिथी प्रणालीत मूळ मापात उघडावे. ते सर्वत्र एकसारखे करडे दिसले तर प्रमाण एकास एक आहे. त्यात पट्टे किंवा लाटा दिसल्या तर वाटेत कोठेतरी मापबदल होत आहे.

उपाय

कोणताही बदल करण्यापूर्वी आभासी यंत्राची स्नॅपशॉट प्रत घेऊन ठेवावी. ग्राफिक्स कंट्रोलर बदलल्यानंतर काही वेळा अतिथी प्रणाली काळ्या पडद्यावर थांबते. अशा वेळी स्नॅपशॉटमुळे पूर्वस्थितीत परतता येते व आतील काम सुरक्षित राहते.

व्हर्च्युअलबॉक्स

गेस्ट ॲडिशन्स बसवून अतिथी प्रणाली पुन्हा सुरू करावी आणि "व्ह्यू" मेनूतील "ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले" हा पर्याय चालू असल्याची खात्री करावी. लिनक्स अतिथीमध्ये गेस्ट ॲडिशन्स गाभ्याचे मोड्यूल तयार करतात. त्यासाठी कंपायलर, मेक व चालू गाभ्याच्या हेडर फाइली लागतात. गाभा अद्ययावत झाल्यावर हे मोड्यूल पुन्हा तयार झाले नाहीत तर कालपर्यंत ठीक असलेला पडदा अचानक लहान होतो.

यंत्र बंद करून "डिस्प्ले" सेटिंगमध्ये चित्रस्मृती १२८ मेगाबाइटपर्यंत वाढविता येते. ग्राफिक्स कंट्रोलर म्हणून लिनक्ससाठी सामान्यतः व्हीएमएसव्हीजीए, विंडोज ७ व त्यापुढील आवृत्त्यांसाठी व्हीबॉक्सएसव्हीजीए आणि त्याहून जुन्या विंडोजसाठी व्हीबॉक्सव्हीजीए वापरतात. याच ठिकाणी "स्केल फॅक्टर" हा गुणक असतो. तो तयार चित्र ताणतो, अतिथीला नव्याने रेखाटावयास लावीत नाही. म्हणून अतिथी प्रणाली स्वतः स्केलिंग करू शकत असेल तर तो १०० टक्के ठेवणे इष्ट ठरते. "स्केल्ड मोड" हा पर्यायही असेच ताणण्याचे काम करतो. होस्ट कळ व सी ही कळ चुकून एकत्र दाबली गेल्यास तो चालू होतो व मेनूपट्टी नाहीशी होते. त्याच कळा पुन्हा दाबल्यास मूळ स्थिती परत येते.

व्हीएमवेअर

विंडोज अतिथीसाठी व्हीएमवेअर टूल्स व लिनक्ससाठी ओपन-व्हीएम-टूल्स वापरतात. लिनक्समध्ये या संचाचा डेस्कटॉपसाठीचा स्वतंत्र भाग बसविला नाही तर खिडकीनुसार रेझोल्युशन बदलत नाही. ही उणीव सहज नजरेतून सुटते. "ऑटोफिट गेस्ट" हा पर्याय अतिथीचे रेझोल्युशन बदलतो, तर "स्ट्रेच" हा पर्याय केवळ चित्र ताणतो. मॅकवरील व्हीएमवेअर फ्यूजनमध्ये रेटिना पडद्याचे पूर्ण रेझोल्युशन वापरण्याचा पर्याय आहे. तो चालू केल्यास अतिथी प्रणालीतही गुणक वाढवावा लागतो, अन्यथा अक्षरे बारीक होतात.

हायपर-व्ही

विंडोज अतिथीशी "एन्हान्स्ड सेशन" पद्धतीने जोडणी केल्यास रिमोट डेस्कटॉपचे तंत्र वापरले जाते व जोडणीच्या वेळी रेझोल्युशन निवडता येते. साध्या पद्धतीत ही मोकळीक फार कमी असते. जोडणीनंतर गुणक बदलल्यास काही प्रोग्रॅम अंधूक दिसत राहतात, कारण त्यांनी गुणक सत्राच्या आरंभीच वाचलेला असतो. साइन आउट करून पुन्हा साइन इन केल्यावर हा दोष जातो.

क्यूईएमयू व केव्हीएम

व्हर्ट-मॅनेजर या प्रोग्रॅमच्या "व्ह्यू" मेनूत "स्केल डिस्प्ले" हा ताणण्याचा व त्याखालीच खिडकीनुसार रेझोल्युशन बदलण्याचा असे दोन वेगळे पर्याय आहेत. दुसरा पर्याय स्पाइस या जोडणीसह चालतो आणि त्यासाठी अतिथी प्रणालीत स्पाइस-व्हीडीएजंट हा साहाय्यक प्रोग्रॅम असावा लागतो. आभासी ग्राफिक्ससाठी आधुनिक लिनक्स अतिथीत व्हर्टिओ हा प्रकार निवडतात.

अतिथी विंडोज

गुणक "सेटिंग्ज", "सिस्टिम", "डिस्प्ले" या क्रमाने जाऊन बदलता येतो. एखादाच जुना प्रोग्रॅम अंधूक दिसत असेल तर त्याच्या "प्रॉपर्टीज"मधील "कम्पॅटिबिलिटी" पानावर डीपीआय सेटिंग बदलण्याची सोय असते. तेथे "ॲप्लिकेशन" निवडल्यास प्रोग्रॅम रेखीव परंतु लहान दिसतो, "सिस्टिम" निवडल्यास मोठा परंतु अंधूक दिसतो. विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेला "सिस्टिम (एन्हान्स्ड)" हा पर्याय काही प्रोग्रॅमांत या दोहोंचा मेळ घालतो.

विंडोज एक्सपीमध्ये डिस्प्ले प्रॉपर्टीजच्या प्रगत सेटिंगमधून ९६ ऐवजी १२० ठिपक्यांचे माप निवडता येते. परंतु अनेक जुन्या प्रोग्रॅमांच्या खिडक्या हे माप पाळत नाहीत व त्यांतील मजकूर कापला जातो. अशा अतिथीसाठी तयार चित्र नेमके दुपटीने ताणणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

अतिथी लिनक्स

जीनोम वातावरणात १०० व २०० टक्के हे गुणक नित्याचे आहेत. वेलँड पद्धतीत त्यांमधील अपूर्णांकी गुणक २०१९ मधील ३.३२ या आवृत्तीपासून प्रायोगिक स्वरूपात आले. ३८४० × २१६० च्या पडद्यावर १५० टक्के गुणक या पद्धतीने लावल्यास प्रथम ५१२० × २८८० चे चित्र तयार होते व मग ते आक्रसले जाते. म्हणजे पिक्सेलांचे काम जवळजवळ १.८ पट होते. आभासी यंत्रास खऱ्या ग्राफिक्स कार्डाची मदत मिळत नसेल तर हे सर्व काम प्रोसेसरवर पडते आणि खिडक्या अडखळत हलतात. अशा वेळी १०० टक्के गुणक ठेवून केवळ फॉण्टचा आकार वाढविणे हा हलका उपाय ठरतो. एक्सएफसीई वातावरणात "अपिअरन्स" सेटिंगमधील फॉण्टच्या पानावर डीपीआय ९६ वरून १२० किंवा १४४ केल्यासही हाच परिणाम साधतो.

अपूर्णांकी गुणकांची अडचण

चित्र ताणावेच लागले, तर पूर्णांकी गुणक अपूर्णांकी गुणकापेक्षा श्रेयस्कर असतो. दुप्पट वाढीत प्रत्येक पिक्सेलाच्या जागी नेमके ४ पिक्सेल येतात. चित्र ओबडधोबड दिसले तरी रेषा सरळ व गडद राहतात. दीडपट वाढीत १ पिक्सेल जाडीच्या रेषेस दीड पिक्सेल हवे असतात आणि अर्धा पिक्सेल अस्तित्वात नसतो. मग रेषा कोठे १, कोठे २ पिक्सेलांची होते, किंवा कडेला करडी छटा देऊन ती मऊ केली जाते. डोळ्यांना जाणवणारा अंधूकपणा तो हाच.

देवनागरी मजकुरावरील परिणाम

देवनागरी लिपीस हा दोष विशेष जाचक ठरतो. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य या जोड्यांतील भेद बव्हंशी शिरोरेषेतील लहानशा खंडावर अवलंबून असतो. कमी पिक्सेलांत किंवा ताणलेल्या चित्रात हा खंड बुजतो. अनुस्वार हा एखाद-दुसऱ्या पिक्सेलाचा ठिपका उरतो. रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार आणि जोडाक्षरांचे खालचे अवयव एकमेकांत मिसळतात. लिपीचे अवयव शिरोरेषेच्या वर व खालीही पसरत असल्याने त्याच आकाराच्या रोमन मजकुरापेक्षा तिला अधिक उंची लागते. ज्या रेझोल्युशनवर इंग्रजी मजकूर वाचता येतो, त्यावर मराठी मजकूर वाचता येईलच असे नाही.

मराठी मुद्रणव्यवसायाच्या दृष्टीने याला व्यावहारिक महत्त्व आहे. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या साहाय्याने जुळविलेला बराचसा जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉण्टसंकेतांत आहे. तो मूळ स्वरूपात उघडण्यासाठी जुना प्रोग्रॅम व जुनी प्रणाली आभासी यंत्रात जतन करणे हा एक मार्ग आहे. अशा यंत्राचा पडदा अंधूक असेल तर मुद्रितशोधनात "चिता" आणि "चिंता" यांतील फरक नजरेतून निसटू शकतो आणि चूक छापील पानापर्यंत पोहोचते. म्हणून मुद्रितशोधन करताना पडदा एकास एक किंवा नेमक्या दुप्पट प्रमाणात ठेवून प्रोग्रॅममधील झूम वाढविणे अधिक विश्वसनीय असते. झूममुळे मजकूर फॉण्टमधून पुन्हा रेखाटला जातो, केवळ ताणला जात नाही.

मर्यादा

भिन्न घनतेचे दोन पडदे जोडलेले असताना आभासी यंत्राची खिडकी एकावरून दुसऱ्यावर नेल्यास यजमान प्रणालीचा गुणक तत्काळ बदलतो, मात्र अतिथीचा गुणक बहुधा तसाच राहतो. अशा मांडणीत आभासी यंत्र एकाच ठरावीक पडद्यावर चालविणे सोयीचे असते. साहाय्यक प्रोग्रॅमच उपलब्ध नसलेल्या फार जुन्या प्रणालींत रेझोल्युशन आपोआप बदलत नाही. तेथे चित्र ताणण्यावाचून पर्याय नसतो. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी गुणकाबरोबर अतिथी प्रणालीतील भिंग व उच्च रंगभेद या सोयी वापरता येतात. त्या पहिल्या टप्प्यावरच काम करीत असल्याने आभासीकरण प्रोग्रॅम कोणता आहे यावर अवलंबून राहत नाहीत.

हे सुद्धा पहा

- आभासीकरण
- पिक्सेल
- संगणकाचा पडदा
- संगणक संचालन प्रणाली
- युनिकोड
- देवनागरी लिपी